वहिनीनं स्वतःचाच भाव कापला

आमच्या थोरल्या वहिनीला तिच्या धंद्यातले लोक 'कात्री' म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची छाती असलेला माणूस अजून स्क्रू, गोंद किंवा प्लायवूड विकायच्या धंद्यात उतरलेला नाही. वहिनी एका फर्निचरच्या कारखान्यात खरेदी बघते. दारावर 'खरेदी विभाग' अशी पाटी आहे, पण विभाग म्हणजे वहिनी, तिचं टेबल आणि समोर एक खुर्ची. त्या खुर्चीचा एक पाय किंचित आखूड आहे. फर्निचरच्या कारखान्यात आखूड पायाची खुर्ची कशी काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "भाऊजी, माणूस डुगडुगत असला की भाव लवकर खाली येतो."

मी तिला कामावर बघितलंय. विकणारा येतो, नमुने मांडतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि मग घसा खाकरून आकडा सांगतो. वहिनी काही बोलत नाही. पेनाचं टोपण काढून हातात धरते आणि खिडकीबाहेर बघते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, शेजारच्या गोदामाचा पत्रा आहे. पण ती असं बघते की समोरच्याला वाटावं, त्या पत्र्यावर दुसऱ्या कुणीतरी कमी भाव लिहून ठेवलाय. मग तो आपणहून थोडा खाली येतो. वहिनी म्हणते, "अजून जरा." तो अजून जरा खाली येतो. दोन-तीनदा असं झालं की वहिनी म्हणते, "आता ठीक," आणि पेनाला टोपण लावते. टोपणाचा टक् असा आवाज झाला की व्यवहार संपला. त्यानंतर भाव एका पैशानंही बदलत नाही, खाली नाही आणि वरही नाही. बाजारात पोलादाचे भाव भडकले तरी वहिनी पलटत नाही आणि समोरच्यालाही पलटू देत नाही. "शब्द म्हणजे शब्द," हे तिचं ठरलेलं वाक्य.

अशी ही बाई स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की मात्र तिची वाचा बसते. बूट चावत असले तरी दुकानात परत नेणार नाही. कारखान्यात वीस वर्षं झाली, पण पगारवाढ मागायला मालकांच्या केबिनमध्ये ती एकदाही गेली नाही. गेली असेल तर मालकांना गोंदाचा भाव कमी केल्याचं सांगून परत आली. मालक तसे सज्जन, पण विसराळू. त्यांना वाटायचं, बाई मागत नाहीत म्हणजे पुरत असेल.

आणि इतके दिवस पुरतही होतं. मग दादाचा गुडघा मध्ये आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढून तो निवृत्त झाला आणि निवृत्त झाल्याबरोबर त्याच्या उजव्या गुडघ्यानंही निवृत्ती घेतली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पूर्वी दादा रोज सकाळी खालच्या सलूनमध्ये जाऊन फुकटचा पेपर वाचायचा आणि न्हाव्याला राजकारण समजावून सांगायचा. आता न्हावीच महिन्यातून एकदा वर येतो आणि जिन्यांचे वेगळे पैसे लावतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गुडघा बदलावा लागेल आणि तो लवकर बदला. वर्षभर थांबलात तर डावाही त्याच्या जोडीला जाईल.

पण ऑपरेशन म्हणजे खिशाला मोठं भगदाड. दादाचा विमा नोकरीबरोबर संपलेला आणि वहिनीच्या कारखान्यात विमा वगैरे भानगड नव्हतीच. शिल्लक होती ती घराच्या कर्जात गेलेली. गुडघ्याचा विषय निघाला की दादा हात पसरून म्हणायचा, "काय करणार, विमा नाही ना." हे तो इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं म्हणायचा की आम्हाला त्याच्या धीराचं कौतुक वाटायचं.

अशात एक दिवस स्क्रूवाले वहिनीच्या आखूड पायाच्या खुर्चीत येऊन बसले. हे स्क्रूवाले वहिनीचे सर्वांत जुने विक्रेते. गोल, घामेजलेले आणि मनानं मऊ. त्यांनी नमुने काढलेच नाहीत. म्हणाले, "ताई, दवाखान्याचे पलंग बनवणारी ती मोठी कंपनी आहे ना, त्यांना खरेदीला माणूस हवाय. मी तुमचं नाव सांगून आलोय."

"माझं? काय सांगितलंत?"

"सांगितलं, माझं इतकं नुकसान आजवर दुसऱ्या कुणी केलं नाही."

याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आमच्या घराण्यात कुणाला मिळालेलं नाही. आठवड्याभरात कंपनीच्या मॅनेजरांचा फोन आला. भेटायला या, पगाराचं बोलू. वहिनीनं चौकशी केली तर कळलं, की कंपनीत नोकरदाराबरोबर नवऱ्याचा किंवा बायकोचाही विमा आहे. मेख एकच होती. जुन्या दुखण्यांना पहिलं वर्षभर विमा लागू नाही.

"ही अट काढून घेतलीच पाहिजे," वहिनी म्हणाली. "पगार थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालेल. गुडघा वर्षभर थांबणार नाही."

"थांबेल गं," दादा म्हणाला. "माझा गुडघा आहे, मी समजावतो त्याला."

रविवारी दुपारी आम्ही तालीम घेतली. मी मॅनेजर झालो. दादाचा जुना कोट घातला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि म्हणालो, "बोला बाई, पगाराची काय अपेक्षा आहे?"

वहिनीनं अपेक्षा सांगितली. मी म्हणालो, "मंजूर." मग तिनं विम्याचं सांगितलं. मी म्हणालो, "तेही मंजूर. अजून काही?"

"भाऊजी, तुम्ही मॅनेजर असता तर कंपनी महिन्याभरात विकायला काढली असती. उठा तिथून."

मग दादा मॅनेजर झाला. त्यानं पाय स्टुलावर ठेवला आणि कडक आवाजात विचारलं, "आपले यजमान काय करतात?"

"बसतात."

"हे उत्तर कंपनीला आवडणार नाही."

"मलाही कुठे आवडतं? म्हणून तर आलेय."

दादा मॅनेजर म्हणून चांगलाच खवट निघाला. तो नाही म्हणाला, आढेवेढे घेतले, चहा थंड आहे म्हणून तक्रार केली. पण वहिनी हटली नाही. शेवटी त्यानं हात टेकले. मंगळवारी वहिनी इस्त्रीची साडी नेसून, पेन पर्समध्ये टाकून भेटायला गेली, तेव्हा आमची खात्री होती की कंपनीचं काही खरं नाही.

दुपारी ती परत आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघत बसली. मी विचारलं, "काय झालं? नोकरी नाही मिळाली?"

"मिळाली."

"मग पगार कमी सांगितला?"

"नाही हो. चांगला सांगितला होता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मीच कमी केला."

झालं होतं ते असं. मॅनेजर तरुण, नम्र, बोलघेवडा माणूस. त्यांनी वहिनीला बसवलं, कंपनीची माहिती दिली आणि घसा खाकरून आकडा सांगितला. ते घसा खाकरणं वहिनीच्या कानावर पडलं मात्र, वीस वर्षांची सवय जागी झाली. तिला कळायच्या आत तिच्या हातानं पेनाचं टोपण काढलं आणि तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

मॅनेजरांना वाटलं, बाईंना आकडा पटलेला नाही. त्यांनी तो थोडा वाढवला.

वहिनीच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. ती गप्प बसली की भाव खाली यायचा, हा निसर्गनियम होता. आज तो वर चालला होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती म्हणाली, "अहो, वर कुठे चाललात? खाली या."

मॅनेजर चपापले. "खाली? म्हणजे पहिल्या आकड्यावर?"

"अजून जरा."

"त्याच्याही खाली?"

"मला बाजार माहीत आहे," वहिनी म्हणाली. "एवढा भाव कुणी देत नाही."

बिचारे मॅनेजर. त्यांना आजवर नोकरीला आलेली माणसं भेटली होती, नोकरी विकत घ्यायला आलेलं कुणी भेटलं नव्हतं. ते चाचरत खाली आले. वहिनी म्हणाली, "अजून जरा." ते आणखी खाली आले. वहिनी म्हणाली, "आता ठीक," आणि पेनाला टोपण लावलं. तो टक् आवाज ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं, की टेबलाच्या पलीकडे खरेदी करणारा बसलाय आणि माल ती स्वतः आहे.

हे ऐकून दादा इतका हसला की त्याला गुडघा धरून बसावं लागलं. "म्हणजे कंपनीला अगदी योग्य माणूस मिळाला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी केवढी बचत करून दिलीस. आणि विम्याचं काय?"

"विषयच निघाला नाही. मला दरवाजा कुठे आहे तेवढंच दिसत होतं."

"असू दे, असू दे," दादा फार उदारपणे म्हणाला. "वर्ष काय गं, असं जातं."

मी म्हणालो, "वहिनी, फोन कर आणि सांग, चूक झाली. त्यांनाही कळलंच असेल."

"टोपण लागलंय भाऊजी."

"टोपण काढता येतं. त्याचसाठी ते केलेलं असतं."

"माझं नाही येत. शब्द म्हणजे शब्द म्हणून इतक्या लोकांना मी परत पाठवलंय. आता स्वतःवर आलं म्हणून फिरू? उद्या त्यांच्यापुढे कोणत्या तोंडानं बसू?" तिनं दादाच्या गुडघ्याकडे पाहिलं. "पगाराचं मला काही नाही हो. आत्ता आहे त्याहून जास्तच आहे. पण यांचा डावा पायही गेला, तर तो माझ्या ह्या टोपणापायी जाईल."

त्यावर कुणाला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रूवाले अभिनंदन करायला तीन जिने चढून आले. दारात दोन मिनिटं नुसते धापा टाकत उभे राहिले. मग बसले, आणि वहिनीनं त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, इतकी वर्षं कात्रीखाली सापडलेला माणूस, आता पोटभर हसून घेईल. पण ते हसले नाहीत. फरशीकडे बघत राहिले.

"ताई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांगा."

"भाव कापला म्हणून कुणी मरत नाही. आम्ही कुठे मेलो?"

"म्हणजे?"

स्क्रूवाल्यांनी रुमाल काढून मान पुसली. "तुम्ही टोपण लावलंत की आम्ही काय म्हणायचो आठवतंय? म्हणायचो, ताई, भावात तुमचं ऐकलं, आता गाडीभाडं तेवढं तुमच्याकडे घ्या. तुम्ही म्हणायचात, घ्या. मग म्हणायचो, बिल जरा लवकर काढा. काढायचात. रिकामी खोकी परत मागायचो. द्यायचात."

"मग? एवढ्यातेवढ्यासाठी काय अडवायचं?"

"त्या एवढ्यातेवढ्यात आमचा भाव भरून निघायचा, ताई. वर थोडं उरायचंही."

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. सेनापतीला युद्ध संपल्यावर सांगावं, की किल्ला तुम्ही घेतलात पण खजिना आम्ही मागच्या दारानं नेला, तसा.

"किती वर्षं चाललंय हे?"

"सुरुवातीपासून."

"सगळेच करायचे?"

"सगळेच. गोंदवाला जरा जास्तच."

"तो गोंदवाला," वहिनी स्वतःशीच म्हणाली. "दर वेळी डोळ्यांत पाणी आणून जायचा."

"त्यात तुमची चूक नाही," स्क्रूवाले घाईनं म्हणाले. "आकड्यात जिंकलं की माणूस खूश होतो आणि खूश झालेला माणूस हात सैल सोडतो. आम्ही तेवढ्या वेळेची वाट बघायचो. आता तुमचे ते मॅनेजर बघा. कालपासून किती खुशीत असतील. गार होण्याआधी जा."

ते गेल्यावर वहिनीनं दार लावलं. मग मला म्हणाली, "भाऊजी, शुक्रवारी नेमणुकीचं पत्र घ्यायला जायचंय. माझ्याबरोबर चला. आणि माझं पेन घरी ठेवा."

शुक्रवारी आम्ही गेलो. मॅनेजरांच्या खोलीबाहेर बसायला खुर्च्या नव्हत्या, कंपनीचाच एक दवाखान्याचा पलंग ठेवलेला होता. बहुधा पाहुण्यांना माल कळावा म्हणून. मी त्याच्यावर टेकलो. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

मॅनेजर खरंच खुशीत होते. "या, या. पत्र तयार आहे. पगार आपण ठरवला तोच. म्हणजे तुम्ही ठरवलात तोच."

"पगाराबद्दल मी अवाक्षर काढणार नाही," वहिनी म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

"वा."

"फक्त गाडीभाड्याचं राहिलं."

"कंपनीची बस आहे की. तुमच्या चौकातूनच जाते."

"ते नाही हो. भावात मी तुमचं ऐकलं. आता माझ्याबरोबर जे सामान येतंय, त्याचं बघा. मी एकटी येत नाही. माझ्याबरोबर एक गुडघा येतो."

मग तिनं गुडघ्याची सगळी हकिकत सांगितली. तीन जिने, डॉक्टर, डावा पाय, न्हावी. मॅनेजरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण वर्षाची अट सगळ्यांनाच आहे. फक्त खातेप्रमुखांच्या विम्यात ती नसते. तुमची जागा त्याच्या एक पायरी खाली आहे."

"मग मला एक पायरी वर चढवा."

"अहो, पण त्या जागेचा पगार..."

"पगार खालचाच राहू द्या. पाटी तेवढी वरची लावा. पाटीला काय लागतं, थोडा पत्रा आणि चार स्क्रू. ते मी स्वस्तात आणून देते."

मॅनेजर हसले. मग थांबले. "त्या विम्याचा हप्ता जास्त असतो पण."

"किती जास्त?"

त्यांनी कुणालातरी फोन केला. इकडे मला पलंगाच्या कडेला एक दांडी दिसली आणि माझ्या हाताला राहवेना. दांडी फिरवली तसा उशाकडचा भाग मला घेऊन वर उठला. उलटी फिरवली तर ती फिरेना. मी अर्धा बसलेला, अर्धा झोपलेला, अशा अवस्थेत पुढचं संभाषण ऐकलं.

"एवढा फरक पडतो," मॅनेजर म्हणाले.

"आणि मंगळवारी मी कितीनं खाली आणलं होतं तुम्हाला?"

थोडा वेळ कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. मग मॅनेजर म्हणाले, "बसतंय त्यात. वर थोडं उरतंयही."

"उरलेलं तुम्हाला ठेवा," वहिनी म्हणाली. "मी ताणत नाही."

मी पलंगावर श्वास रोखून होतो, आणि त्या स्थितीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतंही. मग मॅनेजर म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या टेबलाच्या ह्या बाजूला लवकर येऊन बसा. तिकडे बसलेल्या तुम्ही आम्हाला परवडणार नाही. पत्र बदलून देतो. विमा पहिल्या दिवसापासून."

त्यानंतर आत अजून काही बोलणं झालं, पण मी दांडीशी झटापट करत होतो, त्यामुळे मला ते ऐकू आलं नाही. शेवटी मॅनेजर आणि वहिनी दोघांनी मिळून मला पलंगावरून उतरवलं. "तुमचे यजमान?" मॅनेजरांनी हळूच विचारलं. "दीर," वहिनी म्हणाली. "यांचा गुडघा चांगला आहे."

घरी आलो तर दादा खिडकीतच बसला होता. वहिनीनं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचायच्या आधीच मान डोलावली. "छान, छान. म्हणजे वर्षानंतर बघू."

"वर्षानंतर नाही. पहिल्या दिवसापासून."

दादानं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शाळेला सुट्टी नाही असं कळलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला. "पहिल्या दिवसापासून म्हणजे, आता लगेच?"

"पुढच्या महिन्यात. डॉक्टरांशी मी येता येता बोललेय."

"अगं पण तू नवीन नोकरीत. लगेच रजा कशी मागणार? बरं दिसत नाही ते. आणि मी तिथे एकटा पडून राहणार. त्यापेक्षा आपण जरा थांबू. वर्ष असं जातं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस आम्ही ज्याला दादाचा धीर समजत होतो, ती भीती होती. विमा नाही, या दोन शब्दांच्या आड तो आरामात लपून बसला होता, आणि वहिनीनं आज ते आडोशाचं दारच काढून आणलं होतं. वहिनीलाही ते कळलं असावं. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भीती वाटते?"

"मला? छे." थोड्या वेळानं तो म्हणाला, "कापाकापीची नाही वाटत. भूल देतात, त्याची वाटते. जागच आली नाही तर?"

"मलाही वाटते," वहिनी म्हणाली. "म्हणून तर मी तिथेच बसणार आहे, तुम्ही डोळे उघडेपर्यंत. आणि नंतर घरीही. पहिल्या महिन्यात पंधरा दिवसांची रजा घेतलीय. पगारी."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "जॉइन व्हायच्या आधीच? कधी मागितलीस?"

"विमा मान्य करून मॅनेजर खुशीत पाणी पीत होते ना, तेव्हा."

दादानं एकदा गुडघ्याकडे बघितलं. मग त्यानं तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"बरं," तो म्हणाला, "लाव दवाखान्याला फोन. पण सकाळची पहिली वेळ माग. दुपारपर्यंत उपाशी राहायचं असेल तर मला जमणार नाही."